कावेरीच्या गाळप्रदेशात स्टार कॅक्टस

ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास हा बिनकाट्यांचा निवडुंग. चपटा, गोल, जमिनीलगत बसलेला. साधारण आठ सरळ खाचांनी त्याच्या अंगाचे सारखे भाग पडलेले. प्रत्येक भागाच्या मधोमध लोकरीच्या पांढुरक्या टिकल्यांची रांग असते आणि बाकी हिरव्या-करड्या अंगावर बारीक पांढरे ठिपके विखुरलेले असतात. हे ठिपके म्हणजे सूक्ष्म केसांचे झुबके. पूर्ण वाढलेले झाड दहा ते पंधरा सेंटिमीटर रुंद होते आणि त्याच्या माथ्यावर पाच-सहा सेंटिमीटरचे पिवळेधमक, आतून नारिंगी-लाल फूल येते. फूल भर दुपारी उघडते, संध्याकाळी मिटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते आणि दोन-तीन दिवसांत संपते. रोपवाटिकांत हे झाड ‘स्टार कॅक्टस’ म्हणून मिळते.

त्याचे मूळ गाव टेक्सासचे दक्षिण टोक आणि मेक्सिकोतील तामाउलिपास व नुएव्हो लेऑन ही राज्ये. बॅरन कार्विन्स्की याला ते १८४३ मध्ये सापडले आणि त्सुकारिनी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन छापले. त्यानंतर ते बराच काळ कोणाच्या हाती लागले नाही. चेक संशोधक आल्बेर्टो फ्रिच याने १९२३ मध्ये ते पुन्हा शोधून काढले आणि मग संग्राहकांची अशी झुंबड उडाली की रानातली झाडे भराभर कमी झाली. उन्हाळ्यात हे झाड सुकून मातीत जवळजवळ दिसेनासे होते, म्हणूनच काय ते काही वाचले. अमेरिकेने १९९३ मध्ये ते धोक्यातील प्रजातींच्या यादीत घातले. आंतरराष्ट्रीय व्यापाराला आळा घालणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात ते आहे. रोपवाटिकेत विकले जाणारे झाड बियांपासून वाढवलेलेच असायला हवे. असे झाड आकाराने नेटके असते आणि त्याच्या बुडाशी जखमा किंवा राठ खपल्या नसतात.

हे झाड कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणमसारख्या गावी वाढवायचे म्हटले तर सगळी परिस्थिती उलटी दिसते. गावाच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार; भोवताली भात, केळी आणि विड्याच्या पानांचे मळे. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे स्टार कॅक्टसच्या मूळ गावी पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत कोसळतो. हवा बाराही महिने दमट. तरीही हे झाड इथे वाढते आणि फुलते. त्यासाठी उष्णतेची चिंता सोडून पाण्याची चिंता करावी लागते, आणि पुस्तकांत छापलेले वेळापत्रक बाजूला ठेवून तिथल्या पावसाचे वेळापत्रक हाती घ्यावे लागते.

निवडुंगावरची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. ऑक्टोबर ते मार्च झाड थंड, कोरड्या जागी झोपू द्यावे, म्हणजे वसंतात कळ्या धरतील, असे ती सांगतात. भारतातले नावाजलेले संग्रहही थंडी असलेल्या गावांतले आहेत: पंचकुला येथील १९८७ साली सुरू झालेले राष्ट्रीय निवडुंग उद्यान किंवा कालिंपोंगच्या रोपवाटिका. कुंभकोणमला जानेवारीतली पहाटही वीस-एकवीस अंशांच्या खाली क्वचितच जाते. थंडीवाचून कळी न धरणारे रेबुशिया, लोबिव्हिया यांसारखे डोंगरी निवडुंग इथे वर्षानुवर्षे हिरवे राहतात आणि शेवटी कुजतात. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. ॲस्ट्रोफायटम, जिम्नोकॅलिशियम आणि मेलोकॅक्टस यांना मात्र कळी धरण्यासाठी थंडी लागत नाही. मेलोकॅक्टस तर ब्राझील आणि कॅरिबियन बेटांच्या उबदार हवेतलाच. त्याला थंडी सोसतच नाही. थंडीवाचून फुलण्याचा सर्वांत भक्कम दाखला थायलंडचा. बँकॉकची हवा कुंभकोणमइतकीच गरम आणि दमट आहे, आणि तिथले व्यावसायिक ॲस्ट्रोफायटम व जिम्नोकॅलिशियम मोठ्या प्रमाणावर, वरून प्लॅस्टिकचे छत आणि जाळीची सावली देऊन पिकवतात. कुंभकोणमच्या माणसाने युरोपऐवजी त्यांच्याकडे पाहावे.

थंडी लागत नसली तरी फार गरम रात्रींचा या झाडांना त्रास होतो. तो का, हे समजण्यासाठी निवडुंगाच्या श्वासाची तऱ्हा माहीत असावी. इतर झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंगाने दिवसा छिद्रे उघडली तर सगळे पाणी उडून जाईल. म्हणून तो ती रात्री उघडतो, वायू आत घेऊन त्याचे मॅलिक आम्लात रूपांतर करून साठवतो आणि दिवसा, छिद्रे बंद ठेवून, त्याच साठ्यावर सूर्यप्रकाशात अन्न तयार करतो. या प्रकाराची एक सुरुवातीची नोंद भारतात झाली आहे. बेंजामिन हाइन हा मोरावियन मिशनरी प्रथम कुंभकोणमच्या पूर्वेला किनाऱ्यावर असलेल्या तरंगमबाडीला आला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीत निसर्गतज्ज्ञ झाला. पानफुटीची पाने सकाळी चाखली तर आंबट लागतात, दुपारपर्यंत आंबटपणा जातो आणि संध्याकाळी ती कडवट होतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने ते लंडनला पत्राने कळवले आणि लिनियन सोसायटीच्या १८१५च्या ग्रंथात ते छापले गेले. पानफुटी निवडुंगाच्या कुळातली नाही, पण दोघांचा रात्रीचा कारभार एकच. रात्र गार असली की हा कारभार नीट चालतो. मे महिन्यात रात्रीचे तापमान सत्तावीस अंशांच्या आसपास अडकून राहिले की छिद्रे पुरती उघडत नाहीत, साठा कमी पडतो आणि झाड वाढ थांबवते. अशा वेळी घातलेले पाणी मुळे ओढत नाहीत. ते कुंडीत पडून राहते आणि गरम मातीत कूज सुरू होते.

तमिळ मुलुखाला निवडुंग नवा नाही. फड्या निवडुंग, ज्याला तमिळमध्ये सप्पात्तिकळ्ळी म्हणतात, तिथल्या कोरड्या भागांत इतका रुळला आहे की तो परदेशी आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. रिप्सॅलिस हा झाडांवर लोंबणारा एक निवडुंग आफ्रिका व श्रीलंकेपर्यंत पोचलेला आहे. तो वगळला तर सगळे निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले. कुंपणाला लावला जाणारा त्रिधारी निवडुंग आणि शेर ही मात्र दुधाळ युफोर्बिया कुळातली झाडे. सुरीने ओरखडा काढला की त्यांच्यातून पांढरा चीक येतो; ते खरे निवडुंग नव्हेत. खऱ्या निवडुंगाची खूण म्हणजे काटे आणि फुले जिच्यातून निघतात ती लोकरी गादी. स्टार कॅक्टसला काटे नाहीत, पण ही गादी आहे. पांढऱ्या टिकल्या त्याच.

फड्या निवडुंगाचा इथला इतिहास एका किड्याशी बांधलेला आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा या निवडुंगावर जगतो आणि अठराव्या शतकात त्या रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. मद्रासचा सरकारी वैद्य जेम्स अँडरसन याने १७८६ पासून या रंगाचा पाठपुरावा केला आणि सैदापेठला निवडुंगाची बाग उभारली. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन याने रिओ दि जानेरोहून कलकत्त्याला किडे आणले आणि तिथून ते मद्रासकडे आले. तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये आले, त्या सुमाराची ही गोष्ट. पण आलेला किडा चांगल्या प्रतीचा नव्हता. रंग हलका निघाला, व्यापार बसला नाही, आणि किड्याने निवडुंगाच्या एका जातीचा मात्र फडशा पाडला. १८३६ ते १८३८ या काळात दक्षिणेत हाच किडा मुद्दाम निवडुंग मारण्यासाठी सोडला गेला. परकीय तणावर त्याचा शत्रू सोडण्याचे जगातले हे पहिले यशस्वी उदाहरण मानतात. उरलेली, अधिक चिवट जात पुढे इतकी माजली की १९२६ मध्ये श्रीलंकेहून दुसरा कोचिनील किडा आणावा लागला. त्याने पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातली सुमारे ४०,००० हेक्टर जमीन निवडुंगमुक्त केली.

आज फड्या निवडुंग उरला आहे तो किनाऱ्यावरच्या वाळूत, बांधांवर, आणि गाळाची जमीन संपून पुदुकोट्टैकडची कोरडी माळराने सुरू होतात तिथे. भाताच्या खाचरात तो कुठेच नाही. त्याचे पिवळे फूल सुरेख असते, आणि फुलातल्या पुंकेसरांना काडीने हळूच स्पर्श केला की ते सगळे मिळून आतल्या बाजूला वळतात. परागकण मधमाशीच्या अंगावर नीट लागावेत याची ही सोय. जांभळट लाल फळे सूक्ष्म काटे घासून काढून खेड्यांत खाल्ली जातात. तरी बागेत हे झाड लावू नये. तुटून पडलेल्या प्रत्येक फडीतून नवे झाड उगवते आणि शंभर वर्षांपूर्वीची डोकेदुखी परत सुरू होते. त्याच्या वस्तीच्या जागा मात्र ध्यानात ठेवाव्यात. पाणी जिथे थांबत नाही तिथेच निवडुंग टिकतो, हे या मुलुखाने दोनशे वर्षे पाहिलेले आहे.

कुंडीची माती ठरवताना पहिला मोह होतो तो कावेरीच्या गाळाचा. त्या गाळाची ख्याती खोटी नाही. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैचे स्थपती पंचधातूच्या मूर्तीसाठी आधी मेणाची प्रतिमा करतात आणि तिच्यावर नदीचा हाच मऊ गाळ लिंपतात. तो इतका बारीक असतो की मेणावर कोरलेली दागिन्याची रेघ न् रेघ साच्यात उमटते, आणि मेण वितळून गेल्यावर धातू त्या रेघांत उतरतो. मूर्तिकाराला हवा असतो तो हा बारीकपणाच मुळांचा घात करतो. कणांमधल्या फटी इतक्या सूक्ष्म की त्यांत एकदा शिरलेले पाणी सुटत नाही आणि हवेला जागा राहत नाही. स्टार कॅक्टसच्या मूळ गावची जमीन निव्वळ वाळूची नाही, चांगली चिकणमातीची आहे. पण तिच्यात खडे असतात, ती उताराची असते आणि पावसानंतर चार दिवसांत भेगा पडेस्तोवर वाळते. ऐप्पसी या तमिळ महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कुंभकोणमला कुंडीतला गाळ तीन आठवडे वाळत नाही. म्हणून इथे गाळ पूर्ण वगळावा.

मिश्रणाचा मोठा भाग, पाचात तीन, खरखरीत खड्यांचा असावा. दोन ते पाच मिलिमीटरची धुतलेली रेती किंवा जुन्या भाजक्या विटांचे तितकेच बारीक तुकडे चालतात. वीट फोडून चाळली की जी लाल भुकटी खाली पडते ती टाकून द्यावी. बांधकामावर मिळणारी कृत्रिम वाळूही अशीच चाळून, धुऊन घ्यावी. तिच्यातली दगडी धूळ गाळाइतकीच वाईट. चौथा भाग जळक्या तुसाचा. भाताच्या या मुलुखात तूस मुबलक आहे, मात्र गिरणीच्या भट्टीतून निघणारी करडी राख उपयोगाची नाही. तूस कमी हवेत भाजले की काळे पडते आणि प्रत्येक फोलपट आपल्या आकारात शाबूत राहते. असे काळे, हाताला हलके लागणारे तूस हवे. ते एकदा पाण्यातून काढावे, म्हणजे खारटपणा जातो. उरलेला पाचवा भाग जुन्या, चाळलेल्या पालापाचोळ्याच्या खताचा, त्यात मूठभर निंबोळी पेंड. ताजे शेणखत आणि नारळाचा भुसा टाळावा. भुसा ओला असताना सुटत नाही आणि एकदा कोरडा पडला की पाणी घेत नाही.

मिश्रण जमले की नाही हे पाहायची रीत सोपी आहे. कुंडी भरून वरून तांब्याभर पाणी ओतावे. ते वर साचता कामा नये, आणि क्षणभरात खालच्या भोकातून धार लागली पाहिजे. चौथ्या दिवशी कुंडी हाताने उचलून बघावी. भरली त्या वेळेपेक्षा ती स्पष्ट हलकी लागली पाहिजे. कुंडी झाडापेक्षा दोन बोटे रुंद असली की पुरे. मोठ्या कुंडीत मुळांपलीकडची माती ओली राहते, आणि कूज बहुधा तिथूनच सुरू होते. भाजक्या मातीची कुंडी या दमट हवेत प्लॅस्टिकपेक्षा चांगली, कारण तिच्या अंगातून पाणी उडते. झाड लावल्यावर बुडाभोवती बोटभर जाडीचा खड्यांचा थर द्यावा, म्हणजे त्याचा तळ ओल्या मातीला टेकत नाही.

जागा बहुतेक घरांना गच्चीवरच मिळते. दुपारी तापलेल्या सिमेंटवर ठेवलेली कुंडी खालून भाजून निघते, म्हणून ती विटांवर किंवा मांडवावर ठेवावी. स्टार कॅक्टस आपल्या देशात काटेरी झुडपांच्या आडोशाने वाढतो. वाळवंटी म्हणून त्याला उघड्या उन्हात ठेवणे हा गैरसमज आहे. चित्तिरै-वैगासीत, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, त्याच्यावर पन्नास टक्के सावलीची जाळी हवी, एरवी तीस टक्के पुरते. जाळीने ऊन अडते, पाऊस अडत नाही, आणि कुंभकोणमला पाऊस अडवणे जास्त महत्त्वाचे. जाळीच्या वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा किंवा उन्हाला टिकणारा जाड प्लॅस्टिक कागद, उताराने, आणि चारही बाजू मोकळ्या. बाजूही बंद केल्या तर आत वाफ कोंडते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. छत पक्के बांधावे. १६ नोव्हेंबर २०१८ला किनाऱ्यावर धडकलेल्या गज वादळाने या त्रिभुज प्रदेशातली नारळाची बनेच्या बने आडवी केली; ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशा वाऱ्याची तयारी ठेवावीच लागते. छत करणे जमत नसेल तर जुन्या घराच्या ओट्यावरची, पागोळ्यांच्या आतली पूर्वेची कड ही दुसरी चांगली जागा.

वर्षाची सुरुवात तै महिन्यापासून, म्हणजे जानेवारीच्या मध्यात पोंगल झाल्यावर धरावी. पाऊस हटलेला असतो, ऊन लख्ख असते आणि रात्री वर्षातल्या सर्वांत गार असतात. तीन महिने कोरडी राहिलेली झाडे या वेळी थोडी आकसलेली, मातीकडे ओढल्यासारखी दिसतात. ते अपेक्षितच आहे. कुंडी बदलायची असेल तर ती आताच बदलावी. झाड काढून मुळे मोकळी करावीत, वाळलेली कापावीत, चार-पाच दिवस सावलीत तसेच ठेवून जखमा सुकू द्याव्यात आणि मग कोरड्या मिश्रणात लावावे. आणखी आठवडा गेल्यावर पहिले पाणी. बदलायची नसेल तर पोंगलनंतर लगेच पाणी दिले तरी चालते. पहिल्या पाण्याने झाड दोन-तीन दिवसांत फुगून वर येते आणि माथ्यावरच्या टिकल्यांतून नवी लोकर डोकावू लागते.

मासि आणि पंगुनी हे दोन महिने, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, वाढीचे आणि पहिल्या बहराचे. सात ते दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी, आणि पुढचे पाणी कुंडी हलकी झाल्यावरच. महिन्यातून एकदा पातळ खत, ज्यात नत्र कमी आणि पालाश जास्त आहे. नत्र जास्त झाले तर झाड फुगते, फाटते आणि पावसाळ्यात आधी कुजते. टिकलीच्या लोकरीत तपकिरी टोकाची कळी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत काही आठवडे लागतात. त्या काळात कुंडी फिरवू नये आणि पाणी एकदम तोडू नये. कळ्या वाळून गळण्याची ही दोनच नेहमीची कारणे आहेत.

पुढे मे महिन्यात अग्निनक्षत्राचे दिवस येतात. पारा अडतीसच्या वर जातो, रात्री उकडत राहतात. वर सांगितलेल्या कारणाने या दिवसांत झाड थांबलेले असते. उन्हाळा आहे म्हणून पाणी वाढवणारे लोक आपली झाडे याच महिन्यात गमावतात. पंधरवड्यातून एकदा, सूर्य मावळल्यावर, थोडे पाणी पुरते. आनी आणि आडी महिन्यांत (जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत) पश्चिमेचा कोरडा, जोरदार वारा सुटतो. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे पाणी नेहमीच्या रिवाजाने १२ जूनला सुटते आणि शेतांत पेरणीची घाई असते. निवडुंगाचाही हा दुसरा हंगाम. वाऱ्याने कुंड्या लवकर सुकतात, म्हणून पाणी पुन्हा आठवड्यावर आणावे. चांगल्या झाडाला जुलै-ऑगस्टमध्ये दुसरा बहर येतो. पुरट्टासीत (सप्टेंबर-ऑक्टोबर) संध्याकाळचे गडगडाटी पाऊस सुरू झाले की हात आखडता घ्यावा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचे पाणी द्यावे. ऐप्पसी आणि कार्तिगै हे डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे झडीचे महिने झाडाने छताखाली, पूर्ण कोरडे काढायचे. अंगातल्या साठ्यावर त्याचे निभते. त्यानंतरच्या मार्गळीत एखादे झाड फारच आकसले तर कडेने अर्धी वाटी पाणी, तेही सलग दोन-चार दिवस ऊन असेल तरच. थंड देशांत थंडी जे काम करते ते इथे हा कोरडेपणा करतो. ही विश्रांती न मिळालेले झाड हिरवेगार दिसते आणि पंगुनीत एकही कळी धरत नाही.

हे वेळापत्रक पुण्या-सोलापूरच्या वाचकाने जसेच्या तसे उचलू नये. महाराष्ट्रात कोरडे ठेवायचे महिने जून ते सप्टेंबर, आणि पठारावरची थंडी निम्मे काम आपोआप करते.

पाणी शक्य तर पावसाचे वापरावे. तमिळनाडूत २००३ पासून घरोघर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची व्यवस्था सक्तीची आहे. त्यातले पिंपभर पाणी बाजूला ठेवले तर डझनभर कुंड्यांना वर्षभर पुरते. कूपनलिकेचे जड पाणी सतत घातल्याने मातीवर पांढरा थर धरतो आणि मुळे काम करेनाशी होतात. पाणी नेहमी कुंडीच्या कडेने द्यावे. माथ्याच्या खळग्यात साचलेला एक थेंबसुद्धा रात्रभर राहिला तर तिथून कूज उतरते.

कूज हा या प्रदेशातला मुख्य शत्रू. झाड बोटाने दाबून मऊ लागले, बुडाजवळ तपकिरी-पिवळी कडा दिसली, तर थांबू नये. ते लगेच उपटून, धारदार आणि स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून पातळ चकत्या काढत जावे. कापाच्या मध्यभागी एक कडे दिसते. ते आणि भोवतालचा गर जोवर लालसर किंवा तपकिरी आहे तोवर कापत राहायचे, प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसायची. सगळा काप स्वच्छ फिकट हिरवा दिसला की गंधकाची भुकटी लावून झाड दोन आठवडे सावलीत पालथे ठेवावे आणि मग कोरड्या खड्यांवर नुसते टेकवावे. त्यातली बरीच झाडे पुन्हा मुळे धरतात.

पिठ्या ढेकूण खाचांत कापसासारखा दिसतो; कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून तो काढता येतो. तेलाचा फवारा मात्र या झाडावर मारू नये, कारण पांढऱ्या ठिपक्यांवर तेल बसले की तो डाग जात नाही. मुळांवरचा पिठ्या ढेकूण वरून दिसत नाही. हंगामात पाणी देऊनही झाड फुगत नसेल तर कुंडी उलटी करून पाहावे. उन्हाळ्याच्या तोंडावर माथा गंजल्यासारखा लालसर झाला तर तो लाल कोळी; पाण्यात मिसळणारे गंधक संध्याकाळी फवारावे, पण भर उन्हाळ्यात नव्हे, त्या उष्णतेत गंधकाने साल भाजते. पावसाळ्यात रात्री गोगलगायी येतात आणि एका रात्रीत माथा कुरतडतात. मांडवाच्या पायांना तांब्याची पट्टी गुंडाळणे किंवा कंदील घेऊन त्या वेचणे, दोन्ही उपाय चालतात.

स्टार कॅक्टसला बाजूने पिल्ले फुटत नाहीत, म्हणून नवी झाडे बियांपासूनच करायची. एका झाडाचे पराग त्याच झाडाला चालत नाहीत. दोन वेगवेगळ्या बियांची झाडे एकाच वेळी फुललेली हवीत. फुलाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मऊ कुंचला एका फुलाच्या पुंकेसरांवर फिरवून दुसऱ्याच्या मधल्या, बोटांसारख्या पसरलेल्या कुक्षीवर टेकवावा आणि मग उलटही करावे. फळ धरले तर सुकलेले फूल गळत नाही आणि त्याच्या बुडाशी लोकरीत लपलेली गाठ हळूहळू जाड होते. दीड-दोन महिन्यांत ती फुटते. बिया दोन-तीन मिलिमीटरच्या, तपकिरी-काळ्या, चकचकीत आणि एका बाजूने टोपीसारख्या पोकळ असतात. त्या जुन्या झाल्या की उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून फार दिवस जपून ठेवू नयेत.

शेतकरी आडीत पेरतो. निवडुंगाच्या बिया आडीत पेरल्या तर इवली रोपे दोन-तीन महिन्यांत झडीच्या तोंडी सापडतात आणि एका आठवड्यात आडवी होतात. त्या तै किंवा मासित पेराव्यात. तेच मिश्रण, अधिक बारीक चाळून आणि वाफेवर तासभर उकडून गार केलेले, उथळ डब्यात भरावे. बिया वर नुसत्या पसराव्यात, झाकू नयेत. डबा पाण्यात बुडवून खालून ओलावा द्यावा आणि वर काच किंवा प्लॅस्टिक ठेवावे. पंचवीस ते तीस अंशांत ताज्या बिया तीन ते सात दिवसांत उगवतात, आणि त्या महिन्यात हे तापमान घरातच मिळते. तीन आठवड्यांनी झाकण थोडे थोडे उघडायला लागावे. पहिल्या वर्षी रोपे मोठ्या झाडांसारखी पूर्ण कोरडी ठेवता येत नाहीत, कारण त्यांच्या अंगात साठा नसतो. पहिली झड त्यांनी घरात, उजेडाच्या खिडकीशी, खालून अगदी थोडे पाणी घेत काढावी.

घाई असेल तर रोप ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम करता येते. थंड देशांत हा खुंट हिवाळ्यात मरतो. कुंभकोणमला ती भीती नाही. खुंट आणि रोप दोन्ही एका कापात सपाट कापून, दोघांची मधली कडी निदान एका जागी एकमेकांवर येतील असे बसवून रबराने आवळावे. आठ-दहा दिवसांत जोड धरतो. कलमी झाड भराभर वाढते, पण खुंट काही वर्षांत थकतो आणि झाड आपल्या मूळ चपट्या आकाराऐवजी चेंडूसारखे फुगते. कुजणारे झाड वाचवण्यासाठी किंवा लवकर बी मिळवण्यासाठी कलम करावे. जपून ठेवायचे झाड मात्र स्वतःच्या मुळांवर वाढवलेले असावे. कलमी रोप दुसऱ्या वर्षीच कळी धरू शकते, तर स्वतःच्या मुळांवरचे रोप तीन ते पाच वर्षे घेते.